चार बोटं पातं, चार बोटं मूठ

बालाघाट जिल्ह्यात आजवर जेवढ्या मुली पाहिल्या गेल्या, नाकारल्या गेल्या आणि शेवटी पसंत पडल्या, त्या सगळ्यांची मिळून जेवढी पारख झाली नसेल तेवढी पारख आमच्या मोठ्या साडभाऊंनी एकट्या एका चाकूची केली. हे मी हवेत बोलत नाही. स्वतःच्या लग्नाच्या वेळी मुलगी पाहून, पोहे खाऊन आणि होकार देऊन हा माणूस अर्ध्या तासात परत सायकलवर बसला होता. चाकूला मात्र सहा वर्षं लागली. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे ज्याला साडू म्हणतात त्याला आम्ही साडभाऊ म्हणतो, आणि तो मोठा असला की त्याचा मान सासऱ्याच्या मानापेक्षा बोटभरच कमी असतो. आमचे साडभाऊ भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर होते. शेकडो माणसं किती वाजता आत गेली आणि किती वाजता बाहेर आली हे मिनिटावर टिपून ठेवणारा हा सहा फुटी, खाकी पँटीतला, टायरच्या चपलांतला गृहस्थ. पण स्वतःच्या कमरेला काय लावावं हे ठरवताना त्यानं घड्याळ काढून ठेवलं आणि पंचांग हातात घेतलं.

सुरुवात झाली ती ज्या वर्षी राज्यांची नवी वाटणी झाली त्या वर्षी. नकाशावर एक रेघ पडली, आमचे अर्धे सोयरे रेघेच्या पलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे मध्यप्रदेशात राहिलो. चौकाचौकात त्यावर वाद चालले असताना साडभाऊ आपलं चिंधी बांधलेलं बोट वर धरून फिरत होते. कडुनिंबाची दातवण तोडता तोडता त्यांचा जुना घडीचा चाकू मध्येच मिटला होता आणि त्यांच्या तर्जनीला चावला होता. ‘चावला’ हा त्यांचाच शब्द. मी भेटायला गेलो तर म्हणाले, “मास्तर, जो चाकू कमरेत वाकते त्याच्यावर भरोसा कसा ठेवाचा? ऐन कामाच्या वक्ती त्याले वाटलं का आपन मिटून जावं, तर तो मिटते. मालकाले इचारत नाही. चाकू कसा पाहिजे? पातं अन् मूठ एकजीव. झोपला तरी सरळ, उठला तरी सरळ.” मी शाळामास्तर असल्यामुळे ते मला ‘मास्तर’ म्हणत आणि मास्तरांपुढे बोलताना आपणही थोडं व्याख्यान द्यावं असं त्यांना वाटे. त्या दिवशी त्यांनी घडीचा चाकू विहिरीत टाकला आणि जाहीर केलं की यापुढे कमरेला छोटा, सरळ, म्यानातला चाकूच राहील, पण तो असा-तसा नाही.

असा-तसा नाही म्हणजे कसा, हे कळायला आम्हाला पुढची दोन वर्षं लागली. पातं चार बोटं, मूठ चार बोटं, आणि बोटं त्यांची. माझ्या बोटांनी मोजलं तर ते रागवत. पातं मुठीच्या आतून शेवटच्या टोकापर्यंत गेलेलं हवं, नुसतं तोंडाशी चिकटवलेलं नको. मूठ ओल्या हातात फिरता कामा नये. चाकू लावून सायकलवर भरवेलीहून बालाघाटला येता आलं पाहिजे, पंगतीत मांडी घालून पाच पोळ्या खाता आल्या पाहिजेत, आणि सकाळी शेताकडे जाऊन बसता-उठताना तो कुठंही टोचता कामा नये. ही शेवटची परीक्षा प्रत्येक चाकूची स्वतः साडभाऊंनी घेतली आणि तिचे निकाल ते कुणी विचारो न विचारो, जेवताना सांगत. लांबीबद्दल त्यांचं मत अगदी पक्कं होतं. “मोठा चाकू घेतला तर हवालदार बलावते, लहान घेतला तर पोरं हासतात. हवालदाराले खेळणं वाटलं पाहिजे अन् दोरखंडाले यम वाटला पाहिजे. इतकाच पाहिजे. इतका कुठी भेटून राह्यला सांगा?”

कुठंच भेटत नव्हता. गोंदियाच्या बाजारात एक लखलखीत चाकू मिळाला. तो त्यांनी तोंडासमोर धरला, मिशा पाहिल्या आणि परत दिला. “हा आरसा आहे. तोंड पाहाले बरा.” बैहरच्या जत्रेत हाडाच्या मुठीचा एक मिळाला. साडभाऊंनी शेजारच्या भजीवाल्याच्या तेलात हात बुडवून तो धरून पाहिला, मग चिखलात हात घालून धरून पाहिला, आणि तसाच तेला-चिखलाचा दुकानदाराच्या मांडीवर ठेवला. “फिरते,” एवढंच म्हणाले. नागपूरहून एका नातेवाइकानं आणलेला चाकू त्यांनी कवठावर आपटला. कवठ तसंच राहिलं आणि चाकूचं नाक गेलं. लालबर्र्याच्या लोखंडाच्या दुकानात तर अशी पाळी आली की साडभाऊंची सायकल कोपऱ्यावर दिसली की शेटजी ओरडायचे, “चाकू खतम हो गए बाबूजी!” मागे भिंतीवर डझनभर चाकू लटकत असायचे. साडभाऊ शांतपणे सायकल लावत आणि म्हणत, “घेनं नाही शेटजी, फक्त भेटाले आलो त्याइले.”

या सगळ्या संशोधनात विज्ञानासाठी कुणी काय दिलं, कुणी काय, पण मी माझा डावा हात दिला. धारेची शेवटची कसोटी म्हणजे केस. ओला अंगठा हातावर फिरवायचा, पातं आडवं धरायचं आणि मनगटाकडून कोपराकडे एक हलकी फेरी. केस आवाज न करता गळाले तर धार, करकरले तर पत्रा. साडभाऊंच्या स्वतःच्या हातावर केस नव्हते. देव एका साडभाऊला चाकूची आवड देतो आणि दुसऱ्याला केस देतो, असा काहीतरी हा हिशेब असावा. दर इतवारी ते आमच्या घरी येत, उंबऱ्यातूनच हाक मारत, “मास्तर, हात आना!” आणि मी चहाच्या आधी हात पुढे करी. सहा वर्षं माझा डावा हात कोपरापर्यंत वांग्यासारखा गुळगुळीत होता. बायको म्हणायची, “अजी, तुमचा एक हात बाप्याचा अन् एक हात लेकराचा दिसते. लोकाइत काय सांगू मी?” शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी तर हात पाहून हळहळून विचारलं, “उकळतं पानी पडा क्या मास्टरजी?” मी मान खाली घालून ‘हो’ म्हटलं आणि त्या वर्षी जनगणनेच्या कामातून सुटलो. साडभाऊंच्या चाकूमुळे झालेला हा माझा एकमेव फायदा.

शेवटी बाजारातले सगळे चाकू नापास झाल्यावर त्यांनी तो घडवून घ्यायचं ठरवलं. लालबर्र्याच्या रस्त्यावर एक म्हातारा लोहार होता. धानकापणीचे विळे करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. साडभाऊंनी त्याला मोडक्या ट्रकच्या चाकावरच्या पोलादी कमानीची पट्टी नेऊन दिली आणि मुठीसाठी बैलगाडीच्या जुन्या जुवाचं लाकूड. “तीस वर्सं बैलाइच्या खांद्यावर घासलं आहे हे लाकूड. याले धरनं काय आहे ते समजते.” लोहारानं चाकू केला, साडभाऊंनी तो परत भट्टीत घालायला लावला. दुसरा केला, तो पाठीकडे जाड निघाला. तिसऱ्याला पाणी जास्त पाजलं गेलं, चौथ्याला कमी. सातव्या वेळी म्हाताऱ्यानं हातोडा साडभाऊंच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, “ऐसा करो बाबू, तुम यहाँ बैठो, मैं तुम्हारी खदान में हाजिरी लिखने जाता हूँ.” पण त्या सातव्या चाकूनंच बाजी मारली. साडभाऊंनी तो उचलला, मुठीवर बोटं मिटली, डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा आरतीत उभ्या माणसासारखा झाला. लोहार घाबरला. मग साडभाऊ वाकले आणि त्या म्हाताऱ्याच्या पाया पडले. मी तिथं होतो. माझा हात तिथं होता म्हणून मला नेलं होतं. पातं हातावरून गेलं ते मला कळलंच नाही. वाऱ्याची झुळूक आली एवढं वाटलं आणि केस पायाशी पडलेले दिसले.

आता तुम्हाला वाटेल की एवढा चाकू मिळाल्यावर हा माणूस दिसेल ते कापत सुटला असेल. छे! त्यांनी काहीही कापलं नाही. कापलं की धार जाते. रोज सकाळी आंघोळ झाली की चाकू देवासमोर ठेवायचा, मुठीला कुंकवाचं बोट लावायचं, मग कातडी म्यानात घालून सदऱ्याखाली कमरेला. आणि आंबा कापायचा असला की शेजारणीची विळी मागायची. सुतळी दातांनी तोडायची. पुढच्या दोन वर्षांत त्या चाकूनं घेतलेलं एकमेव पीक म्हणजे माझ्या हातावरचे केस. सगळं सासर हसायचं. आमचे सासरे, त्यांना आम्ही दोघंही मामाजी म्हणत असू, एकदा भर पंगतीत म्हणाले, “आमच्या मोठ्या जवायाच्या कमरेले काय आहे, तर चाकू. कशाच्या कामाचा, तर लावाच्या.” साडभाऊंनी पोळीचा घास तसाच धरून उत्तर दिलं, “मामाजी, वक्त आला का समजन.” वक्त कसला येणार आहे, असं म्हणून सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल तर तो मी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तीन बहिणींच्या पाठीवर झालेला आमचा एकुलता एक साळा, त्याची सोयरीक खैरलांजीकडच्या एका गावात जमली. मुलीच्या घरी सगळा कारभार तिच्या आजोबांचा. पांढऱ्या गलमिशा, हातात काठी, आणि रीतीभातीत काडीचा फरक झालेला खपायचा नाही असा म्हातारा. साखरपुड्याला आम्ही गेलो. मुलगी पाटावर बसली होती, बायका ओटी भरत होत्या, आणि बैठकीत कुणीतरी साडभाऊंना सहज विचारलं की तुमच्या कमरेला हे काय आहे. संपलं! साडभाऊंनी कमानीच्या पट्टीपासून सुरुवात केली, सातव्या चाकूवर आले आणि “मास्तर, हात आना” म्हणाले. सवयीनं माझा हात पुढे गेला. ऐन साखरपुड्यात, फराळाच्या ताटांवरून माझे केस उडाले. म्हाताऱ्यानं शांतपणे पाहिलं आणि मामाजींना विचारलं, “याइचं हजामतीचं दुकान कोन्या चौकात आहे?”

परतून घरी आल्या आल्या मामाजींनी साडभाऊंना समोर उभं केलं. “जवाईबापू, लगनात तो चाकू दिसला तर पंगतीत तुमचं पान मांडनार नाही. माझा एक पोरगा आहे. हे लगन मोडलं तर मी त्या म्हाताऱ्याले अन् तुमाले, दोघाइलेही तोंड दाखवनार नाही.” मोठ्या जावयाचं पान मांडायचं नाही, म्हणजे भर मांडवात त्याला नसल्यासारखं करायचं. साडभाऊंचा चेहरा पडला. लग्नाच्या दिवशी सकाळी आमच्या मोठ्या मेहुणीनं त्यांच्या पेटीची झडती घेतली, पिशवीची घेतली, आणि देवासमोर उभं करून विचारलं, “पेटीत नाही ना?” साडभाऊंनी देवाकडे पाहून सांगितलं, “पेटीत नाही.”

आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू टोचतात. घरच्या मांडवातून देवापुढून ती हातात घेतली की हळद उतरेपर्यंत नवरदेवाच्या हातून ती सुटायची नाही. त्या दिवसांत तो राजा असतो, आणि राजा रिकाम्या हातानं फिरत नाही. मामाजींच्या घरची कट्यार पिढीजात, हातभर लांब, पितळी मुठीची. ती घेऊन वरात भाड्याच्या मोटारीनं निघाली. वैशाखातलं ऊन. वैनगंगेपाशी येता येता मोटारीचं इंजिन तापलं आणि ड्रायव्हर म्हणाला, आता घंटाभर तरी ती ऐकायची नाही. नदीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या पसरलेल्या. मी एक टरबूज घेतलं, मांडीएवढं. नवरदेवाला तहान, मला तहान, बायकांना तहान, आणि कापायला काही नाही. मी साडभाऊंकडे पाहून डोळा मारला. “काय साडभाऊ, आज वक्त आला होता तर चाकू घरी!” ते नदीकडे तोंड करून म्हणाले, “टरबुजाचा वक्त वेगळा असते, मास्तर.”

मग मी जे केलं ते तहानेनं केलं असं मी आजही सांगतो, पण माझी बायको ते मानत नाही. मी नवरदेवाच्या हातातली कट्यार घेतली. टोकाचं लिंबू काढून त्याच्याच हातात दिलं आणि म्हटलं, “घडीभर एवढं धरा.” टरबूज असं फुटलं, असं लाल निघालं की तीस वऱ्हाडी त्यावर तुटून पडले. मी कट्यार वाळूत रोवली, फोडी वाटल्या, स्वतःही चार खाल्ल्या. तेवढ्यात ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. सगळे हात पुसत धावले. कट्यार वाळूत राहिली. आणि आमचा नवरदेव इतका आज्ञाधारक की लिंबू धरा म्हटलं होतं, तो ते पुढचे आठ कोस मुठीत धरून बसला.

आम्ही गावाच्या शिवेवर उतरलो, मोटार दुसरी वरात आणायला निघून गेली, बाजा सुरू झाला. नवरीकडची माणसं ओवाळायला समोर आली. म्हातारा पुढे झाला. त्यानं नवरदेवाचा फेटा पाहिला, मुंडावळ्या पाहिल्या, मग हात पाहिला. नवरदेवानं मूठ उघडली. तिच्यात लिंबू होतं.

“कट्यार कुठी आहे?” म्हाताऱ्यानं विचारलं.

नवरदेवानं माझ्याकडे पाहिलं. बाजा थांबला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बायकोनं ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, ती नजर धारेच्या परीक्षेत पहिल्या झटक्याला पास झाली असती. मी तोंडातल्या तोंडात टरबुजाबद्दल काहीतरी बोललो. म्हाताऱ्यानं काठी आपटली. “नुसतं लिंबू घेऊन आला नवरदेव? लगनाले आला का सरबत कराले? रीत झाल्याबिगर शीव वलांडता येनार नाही.” आमच्याकडच्या एकानं सुचवलं की गावातल्या कुणाच्या तरी घरून विळा आणू. म्हातारा लाल झाला. “आमच्याच गावचं लोखंड हातात घेऊन आमचीच पोरगी नेता? लोखंड पोराच्या घरचं पाहिजे. त्याच्या मांडवातून निघालेलं पाहिजे. देवापुढून उचललेलं पाहिजे.” नदी आठ कोस मागे. मोटार गेलेली. गोरज मुहूर्ताला तासभरही उरला नव्हता. मामाजी फेटा काढून हातात धरून उभे राहिले. मी बोटांना चिकटलेला टरबुजाचा रस सदऱ्याला पुसत राहिलो.

तेव्हा सगळ्यांची मान हळूहळू एकाच दिशेला वळली. साडभाऊ बाभळीच्या सावलीत, हात मागे बांधून, जणू कुणाची तरी हजेरी घेत असल्यासारखे उभे होते.

“जवाईबापू,” मामाजी म्हणाले, “चाकू?”

“कोनता चाकू?”

“तुमचा.”

“तुमीच तर आनू नोका मनलं होतं.”

“मनलं होतं, हौ. पन... आनला का नाही?”

साडभाऊंनी आकाशाकडे पाहिलं. “आनला मनीन तर पंगतीतलं पान जाते, मामाजी.”

“अजी, पयलं पान तुमचं!” मामाजी जवळजवळ रडत ओरडले. “पयलं पान, पयली पोळी, पयलं तूप! माझ्याआधी तुमी बसा!”

साडभाऊंनी सदऱ्याची पाठ उचलली. कमरेला, नेहमीच्या जागी, म्यान होतं. मोठी मेहुणी किंचाळली, “सकाळी देवापुढं काय सांगतलं मले?” ते शांतपणे म्हणाले, “तू पेटी इचारली. कंबर कुठी इचारली?” आणि त्यांनी चाकू काढला. दोन वर्षं तो चाकू मी दर इतवारी पाहिला होता, पण त्या संध्याकाळच्या उन्हात तो निघाला तेव्हा मला वाटलं, हा मी पहिल्यांदाच पाहतोय. म्हाताऱ्यानं तो हातात घेतला. “हा तर वीतभर आहे.”

“चार बोटं पातं, चार बोटं मूठ,” साडभाऊ म्हणाले.

“पोराच्या मांडवातून निघाला?”

“माझ्या कमरेले होता. मी मांडवातून निघालो.”

“देवापुढून?”

साडभाऊंनी बोट दाखवलं. मुठीवर सकाळचं कुंकू होतं, घामानं थोडं पसरलेलं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं, मूठ आवळून पाहिली, आणि त्याचाही चेहरा क्षणभर तसाच झाला जसा लोहाराच्या भट्टीपाशी साडभाऊंचा झाला होता. पण म्हातारा असा सुखासुखी हरणारा नव्हता. “धार आहे का नुसतीच शोभा?”

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नुसते म्हणाले, “मास्तर.”

दोन्हीकडचे मिळून चार-पाचशे लोक असतील. चार-पाचशे सांगतो, पण त्या वेळी मला ते चार-पाच हजार दिसत होते. मी बाही वर केली आणि हात पुढे धरला. म्हाताऱ्यानं स्वतः पातं फिरवलं. केस गळाले. त्यानं फुंकर मारली आणि गलमिशांतून एकच शब्द बाहेर आला, “वा!” त्या ‘वा’वर बाजा असा सुटला की शिवेवरचे बैल दावं तोडून पळाले आणि त्यातला एक, सांगतात, थेट लालबर्र्याच्या बाजारात सापडला. साडभाऊंनी स्वतःच्या हातानं लिंबू टोकाला टोचलं. चाकूवर लिंबू लावलंय की लिंबाला चाकू, हे दुरून कळत नव्हतं. पण नवरदेवाची मान ताठ झाली, शीव ओलांडली गेली, गोरज मुहूर्त साधला आणि अक्षता पडल्या. पंगतीत पहिलं पान साडभाऊंचं मांडलं. शेजारी म्हातारा स्वतः बसला, आणि दोघं कमानीच्या पट्टीवर बोलत राहिले. साडभाऊंनी त्या दिवशी पाच नाही, नऊ पोळ्या खाल्ल्या. मी शेवटच्या पंगतीत, पाण्याच्या पिंपाशेजारी जेवलो. तुपाचं भांडं माझ्यापर्यंत आलं नाही आणि मी ते मागितलंही नाही.

मात्र रीत ती रीत. हळद उतरेपर्यंत चाकू नवरदेवाच्या हातात. चार दिवस साडभाऊ रिकाम्या कमरेनं फिरले. हात सारखा मागे जायचा आणि तसाच परत यायचा. नवरदेवाच्या पाठीमागे चार पावलांवरून त्यांचा जप चालू असायचा, “पान्यात नेऊ नोका... दगडावर टेकवू नोका... अजी, त्याच्यानं पाठ कायले खाजवून राह्यले?” पाचव्या दिवशी चाकू परत मिळाला. लिंबू काढलं तर पात्याच्या टोकाशी निळाकाळा डाग. चार दिवसांचा आंबट रस त्या उघड्या लोखंडात शिरला होता. या माणसानं बोटाचा ठसा उमटला तरी पातं तीनदा पुसलेलं मी पाहिलं होतं. साडभाऊंनी तो डाग उन्हात धरला, अंगठ्यानं हळूच चाचपला आणि माझ्याकडे पाहून हसले. “याले डाग मनू नोका मास्तर. हे लगन आहे. हे पुसत नसते.”

त्यानंतर साडभाऊंचे दिवस असे फिरले की विचारू नका. म्हाताऱ्यानं पंचक्रोशीत त्या चाकूचा डंका पिटला. मुलाचं लग्न काढलं की लोक आधी भरवेलीला जाऊन साडभाऊंना आवतन देत, मग आचाऱ्याला. चाकू ते कुणाला नुसता देत नसत. “चाकू एकटा जात नाही,” म्हणून स्वतः आदल्या दिवशी जाऊन, मुलाच्या घरच्या देवापुढे चाकू ठेवून, वरातीबरोबर मांडवातून निघत. प्रत्येक लग्नानं पात्यावर आपला एकेक डाग ठेवला. ते बोट ठेवून सांगत, हे खैरलांजीचं, हे लालबर्र्याचं, हे पावसात सापडलं ते. मामाजी, जे म्हणायचे की चाकू फक्त लावायच्या कामाचा, ते आता परक्या मांडवात छाती पुढे काढून सांगत, “मोठे जवाई आहेत आमचे.” आणि इतक्या लग्नांनंतरही त्या चाकूनं एक सुतळी कापली नाही. केस तेवढे कापले, दर इतवारी, माझे. टरबुजानंतर माझी तक्रार करायची हिंमतच नव्हती.

पुढे साडभाऊ खाणीतून निवृत्त झाले आणि मुलाकडे, त्या नकाशावरच्या रेघेच्या पलीकडे राहायला गेले. इतवार रिकामे जाऊ लागले. मग एकदा ते आले. उंबऱ्यातून हाक आली, “मास्तर, हात आना!” आवाज तोच, पण दोन पायऱ्या चढून आल्यासारखा थकलेला. मी हात पुढे केला. त्यांनी म्यानातून चाकू काढला. पातं आता टोकापासून मुठीपर्यंत काळंनिळं, कितीतरी लग्नांचं. अंगठा ओला करून त्यांनी माझ्या हातावर फिरवला. मग पातं आडवं धरलं. ते थरथरत होतं. पातं नव्हे, हात. एक फेरी झाली, करकर असा बारीक आवाज आला, अर्धे केस पडले आणि अर्धे तसेच उभे राहिले.

साडभाऊंनी पात्यावरून अंगठा फिरवला. “धार गेली वाटते, मास्तर.”

“धारेले काय झालं?” मी म्हणालो. “माझेच केस जाड झाले आता. म्हातारा झालो ना मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि चाकू पुसून म्यानात घातला. चहा घेतला. गाडीची वेळ मिनिटावर सांगितली आणि त्या वेळेला निघाले. महिन्याभरात माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस दाट उगवले, सगळे सारखे. बायको म्हणाली, “आता कसे दोन्ही हात बाप्याचे दिसतात.” मी हो म्हटलं. पण इतवारी सकाळी चहा समोर आला की अजूनही मी आधी बाही वर करतो.